आठ लाख एकाहत्तर हजार नऊशे तेहतीस दात

४ नोव्हेंबर

बारक्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करतात. आज माझ्याकडे तो शिल्लक नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. उभ्याने वाचू नकोस, आधी बूड टेक.

खडीचा क्रशर फुटला. परवा दुपारी, जेवण झाल्यावर पट्टा चढवला आणि अर्ध्या तासात मधल्या दातेरी चाकाचे तीन तुकडे झाले. एक तुकडा पत्र्याच्या भिंतीतून आरपार जाऊन बाहेरच्या पाण्याच्या टाकीत घुसला. दुसरा छतात अडकला, अजून तिथेच आहे, खालून जाताना सगळे मान आत घेतात. तिसरा दोन चाकांच्या मध्ये राहिला आणि त्यानेच घात केला, कारण आपल्या फोरमनचा, फटाफटचा, हात तिथे होता. जाळी काढून चालू यंत्रात हात घालून काय चाचपडत होता देव जाणे. चाकांनी बोटांपासून सुरुवात केली आणि खांद्यापर्यंत थांबली नाहीत. मी कुऱ्हाडीने पट्टा तोडला. यंत्र थांबलं तेव्हा तो ओरडायचा थांबला होता. हात बाहेर काढला तो चरकातून काढलेल्या चिपाडासारखा होता. डॉक्टरांनी खांद्यापाशी कापून टाकला. उजवा.

फटाफट इतकी वर्षं नुसता आपला फोरमन होता. आता तो तुझ्या वहिनीचा थोरला भाऊ आहे हे सगळ्या घराला एकदम आठवलंय. ती इस्पितळातच राहते. माझ्याशी बोलते, पण भिंतीकडे बघून.

आता तुझ्याकडे वळतो. एप्रिलमध्ये तू त्याच्यावर घण उगारलास. तुमच्यात काय बाचाबाची झाली ते मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही, पण उगारलास हे मी पाहिलं. तो वाकला म्हणून त्याचं डोकं वाचलं, आणि घण मधल्या चाकावर बसला. एका दाताचा कोपरा उडून माझ्या पायाशी पडला. त्यानंतर त्याने तुझ्या तोंडावर बुक्की मारली, तुझा दात पडला, आणि तू रक्त पुसत निघून गेलास तो आजतागायत. गेलास ते गेलास, पण ठेचलेलं चाक मागे ठेवून गेलास. पोलीस येऊन अपघात लिहून गेले. त्यांना एप्रिल माहीत नाही. आम्हाला माहीत आहे.

काल तुझ्या वहिनीचे धाकटे दोघे भाऊ आले होते. मधला ट्रकची साखळी हातात गुंडाळून, आणि शेंडेफळ रिकाम्या हाताने, कारण शंभर किलोच्या शेंडेफळाला हत्यार लागत नाही. चहा घेतला नाही. मधला म्हणाला, "दाजी, आम्हाला जीव नको. हाताला हात. उजवाच."

मी म्हणालो, देतो. मी स्वतः आणून देतो, तोवर तुम्ही दोघांनी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यांनी तुझा पत्ता मागितला. माझं वय झालंय, पत्ते लक्षात राहत नाहीत.

मी का हो म्हणालो याचा विचार तू करशीलच. मीही करतोय. दोन दिवस त्या माणसाचं ओरडणं कानातून जात नाही, आणि माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. वाचवीन असं वचन देत नाही. ये.

तुझा दादा अजून आहे की नाही, ते समोरासमोर ठरवू.


१३ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "फुटलेल्या चाकाचे दात मोज. ८७१९३३." ना कसा आहेस, ना फटाफट जगला का. आधी मी ते फाडलं. मग टेबलावर तुकडे जोडले आणि पुन्हा वाचलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आपल्या बापाचाच तू.

टाकीतला तुकडा काढला, छतातला शिडी लावून उतरवला, तिसरा तर रक्तासकट शेडमध्येच होता. तिन्ही जमिनीवर गोल मांडले आणि दाता-दाताला खडू लावत मोजले. शहाण्णव. वाटलं चुकलो. उलट्या बाजूने मोजले. शहाण्णव. मग शेजारची दोन्ही मोजली. नव्वद आणि एकशे दोन.

मी तिथेच फरशीवर बसलो.

तू ती तिन्ही चाकं बसवलीस तो दिवस आठवला. एकोणनव्वद, सत्त्याण्णव, एकशे एक. तिन्हींवर खडूने एकेक रेघ मारलीस, समोरासमोर आणलीस आणि म्हणालास, दादा, चाक सोड, या रेघा पुन्हा याच जागी यायला आठ लाख एकाहत्तर हजार नऊशे तेहतीस दात सरकावे लागतील. पावणेतीन तास. त्याआधी देव आला तरी जुळणार नाहीत. मी म्हटलं, असल्या वेड्यावाकड्या आकड्याचं काय लोणचं घालायचं? तर तू मला तो आकडा नवरी दाखवावी तसा दाखवलास. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सातने नाही, अकराने नाही, असं करत करत जायचं ते थेट एकोणनव्वदपर्यंत, तेव्हा कुठे पहिलं दार उघडतं. सगळे मिळून आठच विभाजक. एक, तो स्वतः, तीन चाकं, आणि चाकांच्या तीन जोड्या: ८६३३, ८९८९, ९७९७. शेवटच्या दोघींना तू जुळ्या म्हणायचास. एकशे एकने गुणलं की दोन आकडी संख्या स्वतःचंच नाव दोनदा सांगते. तुझ्या वहिनीने विचारलं होतं, भावजी, याच्याशी लग्न करताय का.

तेव्हा मी हसलो. पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती, ती आता समजली. मूळ संख्यांची चाकं एकमेकांत कुणाला लाडकं ठेवत नाहीत. प्रत्येक दात पुढच्या चाकाच्या प्रत्येक दाताला भेटतो, सारखाच. एखादा दात वाईट असला तर त्याचा मार सगळ्यांत वाटला जातो. मार वाटून घेतला की कुणी मरत नाही, हे तर मी हमालीच्या दिवसांतच शिकलो होतो.

आता ही नवी तीन बघ. बेरीज जुळते म्हणून ती मुकाट बसली. ८९ आणि ९७ मिळून एकशे शहाऐंशी, ९० आणि ९६ मिळूनही तेवढेच. ९७ आणि १०१ म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव, ९६ आणि १०२ सुद्धा. चाकांचे दांडे केसभरही हलवावे लागले नाहीत. बघणाऱ्याला काय कळणार. पण तिन्हींना सहाने भाग जातो. शाळेत मास्तर छडी मारून लसावि काढायला लावायचे, तो काढला. चोवीस हजार चारशे ऐंशी. तुझ्या आठ लाखांच्या जागी. रेघा साडेचार मिनिटांत पुन्हा जुळतात. आणि पहिल्या चाकाचा कुठलाही दात मधल्या चाकाच्या शहाण्णवांपैकी फक्त सोळांना भेटतो. उरलेल्या ऐंशींचं तोंडही बघत नाही. त्याच सोळांना झोडतो, जन्मभर.

पहिल्या चाकावर एक दात सापडला, कानस लावली तर कानसच घसरते. ओतकामात गाठ राहिलेली. मधल्याच्या तुकड्यांवर त्याने खाल्लेले सोळा दात ओळीने सहा-सहाच्या अंतरावर आहेत. सोळाव्याच्या मुळाशी जुनी काळी चीर आहे. तिथूनच फुटलं.

आणि बारक्या, मी ते ऐकलं होतं. दर फेरीला बारीक टुक्, आणि सोळा फेऱ्यांनी एक दणका. मी फटाफटला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, पट्ट्याचा सांधा आहे दाजी, फटाफट बदलून टाकतो.

तू घण घातलास ते सत्त्याण्णवाचं चाक मागच्या शेडमध्ये पोत्याखाली मिळालं. तुटका कोपरा कानशीने गोल केलेला. बाकी खणखणीत. शेजारीच एकोणनव्वद आणि एकशे एक.

तर आता येऊ नकोस. मागचं पत्र जाळ. त्या दोघांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी इस्पितळात जातो.

दादा


१९ नोव्हेंबर

बारक्या,

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरी गेलो.

पिशवीत चाकाचा लहान तुकडा घेतला होता. तुझ्या वहिनीला म्हटलं, जा, चहा घेऊन ये, मी बसतो. फटाफट उशीला टेकून पडला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला बघून हसायला गेला. मी खुर्ची सोडून पलंगाच्या काठावर बसलो आणि त्याचा उरलेला हात हातात घेतला. प्रेमाने. विचारलं, मधल्या चाकाला दात किती होते?

म्हणाला, सत्त्याण्णव.

मी तुकडा त्याच्या छातीवर ठेवला. जड होता, त्याचा श्वास अडकला. मी म्हटलं, यावर बत्तीस आहेत, बाकीचे बाहेर गाडीत आहेत, आणू का? मग त्याचं एक बोट जरा मागे वाकवलं. जरासंच. म्हणालो, तुझे भाऊ माझ्या भावाचा हात मागतायत, आणि तुझ्याकडे आता हा एकच आहे, तेव्हा नीट आठवून सांग. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. वाटायला हवी, हे मला कळतं.

तो रडायला लागला. सगळं बाहेर आलं. तुझं भांडणही त्याचंच होतं: जुनी चाकं झिजली की दात मोजायच्या तबकडीच्या भोकांत बसतील अशी सोपी करू, असं तो म्हणाला आणि तू त्याला आंधळ्याचा मुकादम म्हणालास. तू गेल्यावर ठेचलेलं चाक बदलायचं त्याने परस्पर ठरवलं. पण दात कापायच्या यंत्राच्या तबकडीवर सत्त्याण्णवाची भोकं नाहीत. त्या संख्येला वेगळी चाकं जोडून फसवावं लागतं, आणि ती कला तुझ्यासोबत गेली. मला सांगायची त्याला लाज वाटली. शहाण्णवाची भोकं होती. मग दोन्ही शेजारीही जुळवून घेतले, जुनी पोत्याखाली टाकली. चालू यंत्रात हात का घातलास विचारलं, तर म्हणाला, दणका वाढला होता, तुम्ही ऐकण्याआधी कुठला दात आहे ते बोटाने शोधत होतो.

"दाजी, एका दाताने काय होतं असं वाटलं," तो म्हणाला.

मागे कप वाजला. तुझी वहिनी पडद्याशी उभी होती. कधीची, कोण जाणे. तिने पहिल्यांदा त्याच्या छातीवरून तो तुकडा उचलला, खाली ठेवला, मग माझी बोटं त्याच्या हातावरून एकेक करून सोडवली.

त्या दोघांना मी घरी बोलावून सगळं सांगितलं. पाटीवर लिहून दाखवलं. शेंडेफळ तोंड उघडं टाकून बघत होतं. मधला मात्र पाटीकडे बघेना. म्हणाला, थोरला तापात आहे, तुम्ही बोट मोडायला बसलात तर तो 'चंद्र मी फोडला' असंही कबूल करेल. बोटाचं त्याला तुझ्या वहिनीने सांगितलं असणार, आणि त्यात खोटं काय होतं? मग म्हणाला, "घण पडताना तुम्ही बघितला. तुमच्या आकड्याला रक्त येतं का, दाजी? आमच्या भावाला आलं."

साखळी टेबलावर आपटली, पाटीचे तुकडे झाले. निघताना त्याने खिशातून तुझं कार्ड काढून दाखवलं. मी जोडून ठेवलेलं, पोस्टाच्या शिक्क्यासकट. कधी उचललं कळलंही नाही. आता त्यांना तुझं शहर माहीत आहे.

घर बदल. आज. आणि मला नवा पत्ता कळवू नकोस.

मी एक शेवटचा उपाय करून बघतो. काय ते विचारू नकोस.

दादा


१ डिसेंबर

बारक्या,

अक्षर वाकडं येतंय, कारण डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं आहे. घाबरू नकोस, लिहितोय म्हणजे आहे. घर बदललं असलंस तरी पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतोय, पोस्टमन तुला शोधेल.

त्या दोघांना तुझ्या गावची गाडी पकडण्याआधी गाठलं. म्हटलं, तुम्ही म्हणता घणाने ठेचलेल्या चाकामुळे हात गेला. ठीक. तेच चाक मी पुन्हा चढवतो, त्याच्या दोन जुन्या सोबत्यांसह. जाळी काढतो. थोरला उभा होता तिथे उभा राहतो, त्याचा हात होता त्याच बाजूला, दातांजवळ हात ठेवतो. दगड भरून यंत्र चालवू, खडूच्या रेघा जुळेपर्यंत. तेवढ्या वेळात तीन चाकांच्या दातांची जेवढी म्हणून गाठ पडू शकते तेवढी प्रत्येक एकदा पडते, एकही राहत नाही. ठेचलेला दात ज्याला म्हणून फोडू शकतो त्या सगळ्यांसमोर एकेकदा येऊन जाईल. चाक फुटलं तर हाताला हात मिळाला, भावाचा नाही तर भावाच्या भावाचा. नाही फुटलं तर गाडीचं तिकीट माझ्यासमोर फाडायचं.

मधल्याने साखळी पुन्हा हाताला गुंडाळली. मग म्हणाला, चालेल.

वाकलेला दांडा बदलायला आठवडा गेला. परवा सकाळी खडूच्या तीन रेघा मारल्या, समोरासमोर आणल्या आणि पट्टा चढवला. मी उजवा तळहात बेअरिंगच्या डोक्यावर ठेवला, चालत्या दातांपासून वीतभर. पहिली दहा मिनिटं मला वाटत होतं की मी फार हुशार आहे. पुढे तसं काही वाटेना. तुझा ठेचका दात दर फेरीला टुक् करत होता, आणि दर टुक्ला माझ्या बगलेत घाम फुटत होता. मी दणक्याची वाट बघत होतो. सोळा फेऱ्या झाल्या, दणका नाही. शंभर झाल्या, नाही. तेच टुक्, वाढेना, कमी होईना. गणितावर माझा विश्वास होता, बारक्या, पण हात माझा होता. हातांना गणित येत नाही.

दोन तासांनंतर क्रशरच्या जबड्यातून दगडाची एक कपची उडाली आणि माझ्या डाव्या कानावर बसली. कान अर्धा लोंबायला लागला, मानेवरून रक्त पाठीत शिरलं. शेंडेफळ धावत आलं आणि पट्ट्याला हात घालू लागलं, पुरे दाजी, मान्य, पुरे. मी त्याला लाथ घातली. खरंच घातली, गुडघ्यावर. रेघा जुळायच्या आधी थांबलो असतो तर मधल्याला जन्मभर म्हणता आलं असतं की अजून एक गाठ राहिली होती. मधला समोरच उभा होता, साखळी हातात, डोळे चाकावर. त्याला तेच म्हणायचं होतं. मला त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

मग रेघा आल्या. आधी दोन जुळल्यासारख्या वाटल्या आणि तिसरी निसटली, असं बऱ्याचदा झालं होतं. या वेळी तिन्ही एका क्षणात समोरासमोर उभ्या राहिल्या आणि गेल्या. मधल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पट्टा त्यानेच उतरवला.

शांत झाल्यावर तो साखळीकडे बघत म्हणाला, "मग हात कुणाचा घ्यायचा, दाजी?"

मी म्हटलं, ज्याने चाक कापलं त्याचा चाकाने घेतला. फिट्टंफाट.

त्याने तिकिटं फाडली. पण आलेला राग कुठेतरी टाकावा लागतो. दोघांनी घण घेतले आणि शहाण्णवाचे तुकडे, ते नव्वद, ते एकशे दोन, सगळ्यांचा भुगा होईपर्यंत ठोकत राहिले. शेंडेफळ ठोकता ठोकता रडत होतं. मी कान हाताने धरून बसलो होतो.

डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही म्हणतात. उजवा आहे.

घरी आलो तर तुझ्या वहिनीने जखम धुतली. तिला सगळं समजलं होतं. म्हणाली, तुमचा आकडा खरा असेल, पण भावजींनी घण उचलला नसता तर ते चाक कुणी बदललं नसतं. याचं उत्तर तुला सुचलं तर कळव. फटाफटला पुढच्या आठवड्यात घरी आणायचं आहे, तुझ्या खोलीत. डाव्या हाताने त्याला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, ताटाबाहेर सांडतो आणि चिडून ताट फेकतो. काल इस्पितळात एक ताट माझ्या अंगावर आलं. मी भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतो. माझ्या हातून तो खाणार नाही, आणि त्याचं काही चुकलंय असं मला म्हणता येत नाही.

मी तिला विचारलं, बारक्याला बोलावू का?

तिने पट्टीची गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. "माझ्या भावांनी हात मागितला होता ना? मग आणा. पण अंगाला जोडलेला आणा. थोरल्याला दोन वेळा जेवायला लागतं."

तर बारक्या, सकाळची गाडी धर. तो शिव्या देईल, थुंकेलसुद्धा, तू मनाची तयारी ठेव. स्टँडवर मी असेन. उजव्या बाजूने हाक मार.

दादा